एकच परात की दोन? घरची बिस्किटं आणि कुत्र्याची बिस्किटं

घरात ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन आहे, कुत्रं आहे आणि कणकेची बिस्किटं घरीच भाजायची सवय आहे, तर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्याच्यासाठी वेगळं मळायचं, की सगळ्यांना चालेल असं एकच? आमच्या सांगलीच्या घरात दीड वर्ष दोन पराती होत्या. गेल्या दिवाळीपासून एकच आहे.

दोन परातींचं आधी सांगतो, कारण चवीला तीच वरचढ आहे. आपल्या परातीत साजूक तूप, गूळ, वेलदोडा, थोडं जायफळ आणि हात सैल सोडून बेदाणे. माझी सासुरवाडी तासगावची, त्यामुळे बेदाण्यांना तोटा नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे सासरे दर वेळी पिशवी हातात देताना न चुकता ऐकवतात. अशा घरात बिनबेदाण्याचं बिस्किट करायचं म्हणजे बायकोच्या माहेरचा अपमानच. टिप्याची, म्हणजे आमच्या कुत्र्याची, परात अगदी अळणी: कणीक, ज्वारीचं पीठ, उकडलेला भोपळा, अंडं.

दोनदा मळायचं, दोनदा परात घासायची, याचं मला फार काही वाटलं नाही. मला छळलं ते डब्यांनी. दोन्ही डबे स्टीलचे, एकाच मापाचे, लग्नात आलेले. झाकणावर कागद चिकटवला, तो घासण्यात गेला. टिप्याच्या डब्याला लाल दोरा बांधला, तो कुणीतरी कोथिंबिरीच्या जुडीला वापरला. 'हा कुणाचा हो?' हे दिवसातून चारदा. आईंनी तर टिप्याची बिस्किटं दोन दिवस चहात बुडवून खाल्ली आणि 'यंदा गूळ कमी पडलाय' एवढंच म्हणाल्या.

तिथवर गंमत होती. मग भाचा सुट्टीला आला. रात्री नऊच्या सुमाराला येऊन म्हणाला, "मामा, मी टिप्याला दोन बिस्किटं दिली." कुठल्या डब्यातली, ते टिप्याच्या मिशीला चिकटलेल्या बेदाण्यावरून कळलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात. किती खाल्ले तर चालतील याचा हिशेब नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडेही भोवतात, आणि आपलं कुत्रं यातलं कुठलं हे आधी समजत नाही. त्यातलं टार्टारिक आम्ल कारण असावं असं हल्ली मानतात. ते चिंचेतही असतं, म्हणून आता आमटीचा भातही त्याला बंद. डॉक्टरांनी लगेच उलटी करवली. मी टॉर्च धरून वर्तमानपत्रावरचे बेदाणे मोजत होतो, अकरा निघाले. पुढे सलाईन, रक्ताच्या तपासण्या. टिप्या ठणठणीत आहे. भाच्याला मी एका शब्दाने बोललो नाही, चूक डब्यांची होती.

आता एका परातीचं. तीन वाट्या कणीक, एक वाटी ज्वारीचं पीठ, वाटीभर भोपळ्याचा गर, एक अंडं, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट. गूळ, मीठ, सोडा काही नाही. ज्वारी याहून वाढवली, आणि त्यातही पीठ विरी गेलेलं, म्हणजे जुनं होऊन चिकटपणा गेलेलं असलं, तर बिस्किटाचा भुगा होतो आणि टिप्याच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागते. बिस्किटं पातळ लाटायची. १६० अंशांवर पस्तीसेक मिनिटं, मग ओटीजी बंद करून आतच गार होऊ द्यायची.

चव? पहिल्या घासाला बायको म्हणाली, "पुठ्ठा आहे." खोटं नाही. पण आपल्यापुरती गोडी वरून घेता येते: लोणी-गूळ लावा, मध लावा, नाहीतर गुळाच्या चहात बुडवा. पावसाळ्यात आणखी एक लक्षात आलं. गुळाची बिस्किटं दुसऱ्या दिवशी सादळायची, ही आठवडाभर कडक राहतात. आता बायकोच चहाबरोबर तीन घेते.

तुमच्याकडे लहान मुलं नसतील, डबे वेगळ्या कपाटांत राहत असतील आणि येणारे-जाणारे कमी असतील, तर दोन पराती खुशाल ठेवा. खाणारे दुवा देतील. मात्र आपल्या परातीतून निदान बेदाणे काढाच. चॉकलेट आणि 'शुगर-फ्री' म्हणून मिळणारी झायलिटॉलची गोडी यांनाही तोच नियम. जायफळही कुत्र्याला बरं नाही. आमच्यासारखं भरलेलं घर असेल तर, माझ्या मते, एकच परात बरी.

एक परात म्हणजे कुत्र्याला पोटभर बिस्किटं, असं मात्र नको. त्याच्या दिवसभराच्या आहारात खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच ठेवायचा असतो. टिप्याला दिवसाला दोन मिळतात. तिसरं आई देतात, मला माहीत नाही असं समजून.