दुसऱ्याच्या चपलेत पाय घालायचाय? मोजे घेऊन जा

वाशी स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवरच्या सभागृहात सध्या जे फिरतं कलाप्रदर्शन उतरलंय, त्याच्या दारावर हातभर अक्षरांत 'सहानुभूती' लिहिलंय. पहिली अडचण तिथेच. मराठीत सहानुभूती म्हटलं की 'अरेरे, बिचारा' ऐकू येतं. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याला, म्हणजे इंग्रजीतल्या 'एम्पथी'ला, समुपदेशनातली मंडळी 'समानुभूती' म्हणतात, आणि म्हणीत तर ते केव्हाच नेमकं सांगून झालंय: जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. गंमत म्हणजे 'एम्पथी' हा शब्द मूळचा कलेच्याच घरातला. पाहणारा समोरच्या आकारात स्वतःला कसा घालतो हे सांगायला रॉबर्ट फिशर या जर्मन कलाचिंतकाने १८७३ मध्ये 'आइनफ्यूलुंग' हा जर्मन शब्द वापरला. १९०९ मध्ये टिचनर या मानसशास्त्रज्ञाने त्याचं इंग्रजीत 'एम्पथी' केलं.

आत पाच दालनं आहेत. दोन चांगली, एक उत्तम, दोन सोडून दिली तरी चालतील.

सुरुवात जोड्यांच्या दालनापासून. कल्पना नवी नाही. क्लेअर पेटी या कलाकर्तीने २०१५ साली लंडनमध्ये टेम्सकाठी भल्यामोठ्या बुटांच्या खोक्यात हा प्रकार मांडला: अनोळखी माणसाचे बूट घालायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि त्याची गोष्ट त्याच्याच आवाजात ऐकत चालायचं. इथे चौदा जोड आहेत. एपीएमसीच्या घाऊक बाजारातल्या माथाडी कामगाराची टाच झिजलेली चप्पल, नर्सचे पांढरे बूट, मासळी विकणारीचे रबरी बूट. चप्पल उजव्या टाचेकडे जास्त झिजलेली आहे, त्यामुळे पाऊल टाकताना आपण नकळत त्या बाजूला कलतो. ओझं कुठल्या खांद्यावर असायचं ते कानात सांगायच्या आधी पायाला कळतं. ही मांडणी कशी काम करते ते या एका चपलेत दिसतं.

आता जिथे बिनसतं ते. गोष्ट नऊ मिनिटांची आणि चालायची वाट जेमतेम पंचेचाळीस मीटरची, सभागृहाच्या आतच. साध्या चालीने नऊ मिनिटांत सहाशे मीटर सहज होतात, म्हणजे तेरा-चौदा फेऱ्या. पाचव्या फेरीपासून लक्ष गोष्टीवरून उडून समोरच्या माणसाला धक्का लागू नये इकडे जातं. बाहेरच्या पोर्चमधून वाट काढली असती तर हे टळलं असतं. दुसरं, हेडफोन कान पूर्ण न झाकणारे आहेत. वर पत्र्याचं छप्पर, खाली गुळगुळीत फरशी, त्यामुळे बाजूच्या दालनाचा आवाज सगळीकडे घुमतो. संध्याकाळी गर्दीत तो सत्तर डेसिबलच्या घरात जातो. समोरासमोरचं साधं बोलणं साठच्या आसपास असतं, मग दबक्या आवाजातलं बोलणं ऐकू येणार कसं? कान झाकणारे हेडफोन आणि मधल्या पार्टिशनवर जाड पडदे, एवढ्याने काम भागलं असतं. तिसरं, आधीच्या माणसाने गोष्ट अर्धवट सोडली असेल तर प्लेयर तिथूनच पुढे सुरू होतो. हातात घेतल्या घेतल्या 'पहिल्यापासून लावा' म्हणून सांगावं.

सगळ्यात खटकतं ते मासळीवाल्या बाईंच्या गोष्टीत. त्यांचा मूळ आवाज मागे बारीक करून त्यावर स्टुडिओतला स्वच्छ, प्रमाण मराठी आवाज चढवलाय. नवी मुंबईत येऊन, जिथे कोळीवाडे हाकेच्या अंतरावर आहेत, कोळी बोलीचं भाषांतर? आवाज तसाच ठेवून छापील मजकुराचा एक कागद हातात दिला असता तर ज्याला अडलं त्याने वाचलं असतं. बूट त्यांचे आणि तोंड दुसऱ्याचं, मग चालायचं कुणाबरोबर?

यावरून भिंतीवरचे फलक. मराठी मजकूर आहे हे चांगलं, पण निम्म्या फलकांवर जोडाक्षरं फुटलीत आणि पहिली वेलांटी अक्षराआधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसली आहे. कारण साधं आहे. अडोबीच्या इनडिझाइनसारख्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' ही देवनागरी नीट जुळवणारी सोय निवडल्याशिवाय देवनागरी मजकूर टाकला की हेच होतं. छापखान्यात जाण्याआधी मराठी वाचणाऱ्या एका माणसाने प्रूफ पाहिलं असतं तर पुरलं असतं. अक्षरंही इंग्रजीच्या मापाने ठेवलीत. देवनागरीला वर-खाली मात्रा-उकारांची जागा लागते, त्यामुळे त्याच मापात ती बारीक दिसते. चष्मेवाल्यांना फलकाशी नाक टेकवावं लागतं.

उत्तम आहे ते गोधडीचं दालन. मोडलेलं सांधणं ही समकालीन कलेतली जुनी वाट आहे. योको ओनो या कलाकर्तीने १९६६ मध्ये लंडनच्या इंडिका गॅलरीत फुटक्या कपबश्या, गोंद आणि दोरा ठेवून लोकांना जोडायला बसवलं. ली मिंगवेई हा कलाकार २००९ पासून लोकांचे फाटके कपडे त्यांच्याशी गप्पा मारत शिवून देतो आणि दोऱ्याचं टोक रिळालाच जोडलेलं ठेवतो. इथल्या मंडळींनी मात्र आपल्याकडची वस्तू नीट ओळखली आहे.

लाकडी चौकटीत जुन्या सुती साड्यांचे तीन थर उभे ताणून बसवलेत. अलीकडे एक माणूस, पलीकडे दुसरा, मध्ये कापड. चेहरा दिसत नाही. तुम्ही सुई अर्धी टोचायची, पलीकडच्याने ओढून घ्यायची आणि बोटभर अंतरावरून परत टोचायची. धावदोराच, पण दोघांचा. पलीकडून सुईचं टोक कुठे उगवणार हे माहीत नसतं, म्हणून बोट कापडापासून लांब ठेवून वाट पाहावी लागते. पहिल्या चार टाक्यांत दोघंही घाई करतात. त्याने दोरा जोरात ओढला की तुमच्या बाजूला चुण्या पडतात, तुम्ही सैल सोडला की त्याच्या बाजूला फास लोंबतो. दहाव्या-बाराव्या टाक्याला ओढ जुळते आणि मग टाक्यांची लांबीही आपोआप सारखी होत जाते. बोलायला बंदी नाही, पण फारसं कुणी बोलत नाही. 'हं' म्हणतात, तेवढंच.

बसायचं असेल तर काही गोष्टी. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंता होतो आणि उभ्या चौकटीवर तो सोडवायला दोघांनाही उठावं लागतं. गाठ मारताना पलीकडे सांगा, नाहीतर तो ओढतो आणि गाठ थरांतून सुटून येते. अंगुस्तान टेबलावरच्या डब्यात असतं, मागावं लागतं. तीन चौकटींपैकी खिडकीजवळची घ्या. तिथल्या साड्या धुऊन-धुऊन मऊ झालेल्या आहेत, सुई लोण्यातून जावी तशी जाते. मधल्या चौकटीला मात्र खळ न गेलेलं नवं कापड लावलंय, तिथे सुई वाकते आणि माणसं पाच मिनिटांत उठतात. संध्याकाळी रंगीत रिळं संपून पांढरीच उरतात. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, टाका घातला तरी दिसत नाही.

समोरासमोर बसायच्या खुर्च्यांचं दालन ठीक. मारिना अब्रामोविच ही कलाकर्ती २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात सातशेहून अधिक तास अशी बसली होती, त्याचीच ही छोटी आवृत्ती, तीन मिनिटांच्या वाळूच्या घड्याळावर. पण रांगेतल्यांचे मोबाइल तुमच्यावर रोखलेले असतात. शिवाय समोर कोण बसणार हे स्वयंसेवक ठरवतात. आपल्याकडे टक लावून पाहणं म्हणजे काय हे कुठल्याही लोकल प्रवाशाला, त्यातही बायकांना, विचारावं. जोडीदार निवडू द्यावा आणि रांगेला पाठ करून बसवावं, एवढं केलं तर हे दालन चांगल्याचं उत्तम होईल. मध्येच उठलं तर कुणी काही म्हणत नाही, हे मात्र नीट सांगितलं जातं.

व्हीआरच्या (आभासी वास्तवाच्या) खोलीत चार हेडसेट, चाळीस मिनिटांची रांग आणि चष्म्यावर ते बसत नाहीत. पाचव्या दालनातल्या इच्छांच्या झाडावर बहुतेक चिठ्ठ्या दहावीच्या टक्क्यांच्या आहेत. पुढे चला.

जायचं तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुपारी तीनच्या आत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने थेट वाशी गाठता येतं. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक पाहून घ्या. गोधडीला आधी नाव नोंदवा, मग जोड्यांकडे वळा. दोन तास हाताशी ठेवा. जोड प्रत्येक वापरानंतर पुसतात, पण दमट हवेत रबरी बूट आतून वाळत नाहीत, म्हणून मोजे स्वतःचे. ते पातळ, सुती असावेत. जाड मोज्यात आठ नंबरचा पाय नऊचा होतो, आणि नऊचे जोड तिथे दोनच आहेत.