‘गुगलवर पहिला नंबर, हमखास’: एसईओच्या नावाखाली माझ्या वेबसाइटचं काय झालं

वेबसाइट चालवणाऱ्या प्रत्येकाला ‘पहिला नंबर हमखास’ असं सांगणारा ईमेल कधी ना कधी येतोच. मलाही आला. तो पाठवणाऱ्या एसईओ (म्हणजे वेबसाइट शोधात वर आणण्याचं काम करणाऱ्या) संस्थेने पैसे घेतले, काम केलं, दर महिन्याला रंगीत अहवाल पाठवले आणि शेवटी माझी वेबसाइट गुगलच्या शोधातून जवळपास नाहीशी झाली. हे तपशिलात लिहितोय, कारण ही फसवणूक चालू असताना फसवणूक वाटत नाही. सुरुवातीला आकडे खरोखर वाढतात, आणि त्या वाढीमुळेच माणूस पुढे काही विचारायचा थांबतो.

माझी वेबसाइट शिलाई मशीनविषयी आहे. दोरा सारखा का तुटतो, टाका का सुटतो, बॉबिन केसचा स्क्रू किती आवळायचा, तेल कुठे घालायचं आणि कुठे अजिबात नाही, असे लेख. सोबत सुटे भाग मागवण्याचं एक पान. लेख हाताने काम करून लिहिलेले, फोटो स्वतः काढलेले. शोधातून लोक यायचे, वाचायचे, त्यातले काही भाग मागवायचे.

त्या संस्थेने आधी फुकट ‘ऑडिट’ पाठवलं. पानोपानी लाल रंगात चुका. असे अहवाल कुठलंही तयार सॉफ्टवेअर काही मिनिटांत काढून देतं आणि कोणत्याही चांगल्या वेबसाइटचा अहवाल असाच लाल दिसतो, हे मला फार नंतर एका जाणकाराने दाखवलं. मग फोन आला. पहिल्या क्रमांकाची लेखी हमी देतो, गुगलमध्ये आमची ओळख आहे, तुमची वेबसाइट प्राधान्याने नोंदवून घेऊ. या तिन्ही गोष्टींबद्दल गुगलच्या स्वतःच्या मदतपानांवर स्पष्ट लिहिलेलं आहे: पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, खास संबंध असल्याचा दावा करणाऱ्यांपासून सावध राहा, आणि प्राधान्याने नोंदणी असा काही प्रकारच नाही. कुणी यातलं एक जरी वाक्य बोललं, तर तिथेच फोन ठेवा.

कामाची सुरुवात माझ्या लेखांपासून झाली. लेख ‘ऑप्टिमाइझ’ करतो म्हणाले. दोरा तुटण्यावरच्या माझ्या लेखाचा पहिला परिच्छेद त्यांनी असा केला: “शिलाई मशीन दुरुस्ती करायची असेल तर आमची शिलाई मशीन दुरुस्ती माहिती ही सर्वोत्तम शिलाई मशीन दुरुस्ती माहिती आहे.” खाली सुईची दिशा, टेन्शनच्या चकत्या यांची जी माहिती होती ती कापून तिथेही हेच शब्द भरले. मी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळालं की कीवर्डची (लोक शोधात टाकतात त्या शब्दांची) घनता ठरावीक टक्के असावीच लागते, गुगलचा तसा नियमच आहे. असा कुठलाही नियम नाही. फार जुन्या काळी, १९९० च्या दशकात, शोधयंत्रं पानावर शब्द किती वेळा आला हे मोजून क्रम लावत असत, तेव्हा या युक्तीला थोडाफार अर्थ होता. आज गुगलच्या स्पॅम धोरणात कीवर्ड कोंबणं हा नावानिशी लिहिलेला गुन्हा आहे. मला जास्त लागलं ते वेगळंच. एका नेहमीच्या वाचक बाईंनी लिहिलं, “तुमचा लेख वाचून मी मशीन सुरू करायचे, आता त्यात काही सापडतच नाही.” ज्या माणसासाठी पान लिहिलं, त्याच्याच हातातून ते काढून घेतलं गेलं होतं.

पुढे पानं वाढू लागली. मजकूर एकच, त्यात गावाचं नाव तेवढं बदललेलं, अशी पानांची रांग. मी कुठल्याही गावात जाऊन दुरुस्ती करत नाही, तरी प्रत्येक पान म्हणत होतं की या गावातली सर्वोत्तम सेवा इथे. यांना डोअरवे पानं म्हणतात. हा प्रकार नवा नाही: २००६ च्या फेब्रुवारीत गुगलने बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट याच कारणाने शोधातून काढून टाकली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला जे चाललं नाही, ते तुमच्या-माझ्या वेबसाइटला चालेल असं सांगणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा खोटं बोलतोय. आता अशी पानं यंत्राकडून हजारोंनी लिहून घेणं सोपं झालंय. मार्च २०२४ मध्ये गुगलने घाऊक प्रमाणात केवळ क्रमांकासाठी बनवलेला मजकूर हा स्पॅम ठरवला, तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

बाकीच्या उद्योगांचा उल्लेख थोडक्यात करतो. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्दांची यादी, जी वाचकाला दिसत नाही पण यंत्राला दिसते. कुणीही न दिलेल्या अभिप्रायांचे तारे. आणि मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमधली शब्दांची यादी) भरण्याचं वेगळं बिल, जेव्हा क्रमवारीसाठी तो टॅग आपण वापरत नाही हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलेलं आहे.

खरं नुकसान केलं ते बॅकलिंकनी, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. दुसऱ्या वेबसाइटने तुमच्या पानाचा दुवा दिला की गुगल ती एक प्रकारची शिफारस मानतं. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँक या क्रम लावण्याच्या पद्धतीचा पायाच तो आहे. शिफारशीला किंमत आली, त्यामुळे खोट्या शिफारशींचा बाजारही आला. माझ्यासाठी त्यांनी घेतलेले दुवे कुठे होते ते मी नंतर पाहिलं: जुगाराच्या वेबसाइट, मुदत संपलेली डोमेन नावं (वेबसाइटचे पत्ते) उचलून त्यावर उभी केलेली पोकळ पानं, परक्या भाषांतल्या चर्चांच्या तळाशी टाकलेल्या ओळी. जवळपास प्रत्येक दुव्याचे शब्द तेच, ‘शिलाई मशीन दुरुस्ती’. खरी माणसं दुवा देतात तेव्हा कुणी वेबसाइटचं नाव लिहितं, कुणी लेखाचं शीर्षक, कुणी नुसतंच ‘इथे बघा’. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असेल तर ते पढवलेलं आहे हे यंत्रालाही कळतं. हे ओळखण्यासाठीच गुगलने २४ एप्रिल २०१२ रोजी पेंग्विन नावाचा बदल आणला. त्याचा परिणाम इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर होईल असं गुगलनेच सांगितलं होतं. २०१६ पासून तो मुख्य अल्गोरिदमचाच, म्हणजे क्रम लावणाऱ्या नियमांचाच, भाग आहे.

“दुवे आम्ही लावले, तुमच्यावर काही येणार नाही,” असं मला सांगण्यात आलं होतं. हे साफ खोटं आहे. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीच्या विकत घेतलेल्या दुव्यांचं प्रकरण उघड केलं. कंपनी म्हणाली, आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही परवानगी दिली नव्हती. एसईओ करणाऱ्या संस्थेला तिने काढूनही टाकलं. शोधात घसरली ती मात्र जेसी पेनीच. त्याहून बोलकं उदाहरण २०१२ च्या जानेवारीतलं आहे. क्रोम ब्राउझरच्या जाहिरातीसाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या लेखनात एक दुवा नियमाविरुद्ध निघाला, आणि गुगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाला किमान ६० दिवस खाली ढकललं. काम बाहेरच्या लोकांनी केलं होतं. शिक्षा पानाला झाली. तुमच्या बाबतीतही पान तुमचं आहे, संस्थेचं नाही.

आता ते वाढलेले आकडे. पहिले काही महिने वेबसाइट खरंच वर गेली. अहवालात वर जाणारी रेघ, हिरवे बाण, आणि ‘डोमेन ऑथॉरिटी’ वाढल्याचं अभिनंदन. डोमेन ऑथॉरिटी हा मोझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाजी आकडा आहे. गुगल तो क्रमवारीसाठी वापरत नाही, आणि स्वस्तातले दुवे लावून तो फुगवता येतो. पहिल्या क्रमांकाचे जे स्क्रीनशॉट पाठवले जायचे, त्यातले बरेच शब्दप्रयोग असे होते की ते कुणीही शोधत नाही. चार-पाच शब्दांची विचित्र जुळणी केली की कुणीही पहिला येतो. भेटी वाढलेल्या दाखवल्या जात, पण त्या भेटींत कुणी दोन सेकंदही थांबत नव्हतं आणि भाग मागवणारे कमीच होत होते. अहवालाच्या भपक्यात ही घट कुठेच नव्हती.

मग एका आठवड्यात शोधातून येणारे लोक जवळपास थांबले. संस्थेने सांगितलं, “अल्गोरिदम बदललाय, सगळ्यांचंच झालंय, मोठं पॅकेज घ्या.” गुगल सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइट शोधात कशी दिसते हे तिच्या मालकाला दाखवणारं गुगलचं साधन) काय दिसतंय असं विचारलं तर टाळाटाळ. कारण उघड होतं: सर्च कन्सोलचं खातं त्यांनी स्वतःच्या नावाने उघडलं होतं आणि मालक म्हणून पडताळणीही त्यांचीच होती. मी डोमेनच्या डीएनएसमध्ये (वेबसाइटच्या पत्त्याच्या तांत्रिक नोंदींत) नोंद टाकून स्वतःची मालकी पडताळली आणि आत गेलो. ‘मॅन्युअल ॲक्शन’ (गुगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) या विभागात नोटीस होती: तुमच्या वेबसाइटकडे येणारे अनैसर्गिक दुवे. नोटीस जुनी होती. त्यांना ती मिळालेली होती, आणि ती लपवून त्यांनी मला पुढचं पॅकेज विकायचा प्रयत्न केला. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त संताप याचाच आला आणि आजही येतो.

दुवे काढा म्हटल्यावर उत्तर आलं की काढणं ही वेगळी सेवा आहे, तिचे वेगळे पैसे. म्हणजे घाण टाकायचे पैसे आणि ती उचलायचेही पैसे. काही दुवे भाड्याचे होते, मासिक रक्कम थांबताच ते आपोआप गेले. बाकीचे तसेच राहिले.

मी पैसे दिले नाहीत. सर्च कन्सोलमधून दुव्यांची यादी उतरवली, ज्या वेबसाइटचा संपर्क सापडला त्यांना लिहिलं, कोणी काय उत्तर दिलं ते तक्त्यात नोंदवलं. जे निघाले नाहीत त्यांची डिसअव्हाऊ फाइल केली. ही सोय ऑक्टोबर २०१२ पासून आहे: साध्या टेक्स्ट फाइलमध्ये डोमेनची नावं देऊन ‘हे दुवे माझ्या खात्यात धरू नका’ असं गुगलला कळवता येतं. मात्र अशी नोटीस आलेली नसेल आणि येण्याची दाट शक्यताही नसेल तर या फाइलच्या वाटेला जाऊ नका, चांगले दुवेही त्यात गमावाल. डोअरवे पानं काढली, लपवलेली यादी काढली, लेख जुन्या प्रतींवरून पूर्ववत केले. मग पुनर्विचाराचा अर्ज. त्यात गुगलला तीन गोष्टी हव्या असतात: नेमकं काय चुकीचं होतं, ते सुधारायला काय केलं, आणि त्याचा परिणाम काय झाला याचे पुरावे. माझा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण अजून बरेच दुवे शिल्लक होते. पुढे कारवाई उठली.

कारवाई उठली म्हणजे जुनी जागा परत मिळाली, असं होत नाही. खोट्या दुव्यांनी दिलेली उंची मुळातच तुमची नव्हती, ती परत येत नाही. हे गुगलने २०२२ च्या डिसेंबरमधल्या दुवे-स्पॅमवरच्या बदलाच्या वेळी स्पष्टच सांगितलं होतं. शिवाय माझ्या नशिबी निदान नोटीस तरी होती. अल्गोरिदमने परस्पर घसरवलं तर नोटीसही येत नाही आणि अर्जही करता येत नाही. कारण शोधत बसावं लागतं.

म्हणून ज्यांनी आधीच असं काम दिलेलं आहे त्यांनी आजच बघावं: सर्च कन्सोलमध्ये पडताळलेले मालक तुम्ही आहात का, मॅन्युअल ॲक्शनमध्ये काही आहे का, दुव्यांच्या अहवालात अनोळखी वेबसाइट आणि एकाच शब्दांचे दुवे दिसतात का. आपलं पान उघडून सगळा मजकूर निवडा, लपवलेली अक्षरं लगेच उजळतात. गुगलला पानाचा कोणता मजकूर मिळतो हे सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये दिसतं. तो वाचकाला दिसणाऱ्या मजकुरापेक्षा वेगळा असेल तर प्रकरण गंभीर आहे. संस्थेला लेखी विचारा की कोणत्या पानांत काय बदल केला आणि कोणते दुवे कुठून घेतले. प्रामाणिक एसईओ करणारे लोक आहेत, आणि ते ही यादी न मागता देतात. पानं जलद उघडणं, शीर्षकं नीट करणं, तुटलेले दुवे दुरुस्त करणं, वाचकांचे प्रश्न ओळखून लेख सुचवणं, अशी त्यांची कामं असतात आणि परिणामाला चार महिन्यांपासून वर्षभर लागू शकतं असं ते आधीच सांगतात. ‘ती आमची गुपित पद्धत आहे’ असं उत्तर आलं तर उरलेलं तुम्ही समजू शकता.

अशा संस्थेशी भांडण काढण्याआधी मात्र क्रम पाळा, कारण माझ्या ओळखीतल्या एकाची वेबसाइट याच वादात अडकून पडली. आधी डोमेन आणि होस्टिंगची (वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या जागेची) खाती स्वतःच्या नावावर आहेत याची खात्री करा आणि पासवर्ड बदला. वेबसाइटची पूर्ण प्रत उतरवून घ्या. सर्च कन्सोलमध्ये स्वतः मालक व्हा, त्यांनी पडताळणीसाठी ठेवलेली फाइल, टॅग किंवा डीएनएस नोंद काढा. नुसतं नाव काढलं आणि ती खूण राहिली तर ते पुन्हा मालक होऊ शकतात. ईमेल, अहवाल, बिलं, हमीचा कागद, सगळं एका जागी जपून ठेवा. करार थांबवत असल्याचं पत्र त्यानंतर पाठवा.