उजवीकडे ९ मीटर, डावीकडे ३: अडीच स्क्वेअरच्या स्पीकर-वायरचा पावसाळ्यानंतरचा अनुभव

व्हिजिट चार्ज आधी खिशात घालून सर्व्हिसवाल्याने परवा निदान केलं: "मॅडम, दोन्ही स्पीकरच्या वायरींची लांबी सारखी नाही, म्हणून उजवा स्पीकर मध्येच बंद पडतोय." ॲम्प (ॲम्प्लिफायर) उघडला नाही, मागची टर्मिनलं साधी हलवूनही पाहिली नाहीत. तो गेल्यावर मी उजवी वायर काढली, काळी पडलेली टोकं कापली, ताजं तांबं सोलून घट्ट आवळलं. खरखर थांबली. मुंबईच्या पावसाळी हवेत उघडं तांबं काळं पडणारच, त्यात लांबीचा काय दोष?

आमच्या मुलुंडच्या हॉलमध्ये प्लगपॉइंट डाव्या कोपऱ्यात, म्हणून ॲम्प तिथेच. उजवीकडची वायर बाल्कनीच्या दाराला वळसा घालून जाते. डावीकडे ३ मीटर पुरते, उजवीकडे ९ लागते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने तर दोन्हीकडे ९-९ मीटर कापायला घेतलीच होती. "नाहीतर आवाज मागेपुढे येईल." म्हणजे ६ मीटर तांब्याचे पैसे मोजा आणि ते कपाटामागे वेटोळं करून ठेवा! मी अडीच स्क्वेअरची, म्हणजे तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर असलेली, एकूण १२ मीटरच घेतली.

मागेपुढे म्हणजे किती, ते बघा. वायरीतून सिग्नल प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने धावतो. ६ मीटर जादा वायरीला लागतात सुमारे ३० नॅनोसेकंद. उलट तुम्ही सोफ्यावर एका स्पीकरकडे ३० सेंटिमीटर सरकून बसलात, तर त्याचा आवाज जवळजवळ ०.९ मिलिसेकंद आधी पोचतो. सुमारे तीस हजार पट फरक! सोफा सरकवायला कोणी सांगत नाही, कारण त्यात वायर खपत नाही.

खरा प्रश्न रेझिस्टन्सचा, म्हणजे वायर करंटला करते त्या अडथळ्याचा (तो ओहममध्ये मोजतात), आणि तिथे लांबीबरोबर जाडी येते. करंट जातो आणि परत येतो, म्हणून ९ मीटरची वायर हिशोबाला १८ मीटर धरायची. आधी माझ्याकडे ॲम्पच्या खोक्यातली अर्ध्या स्क्वेअरची लाल-काळी वायर होती. तिच्यात उजवीकडे सुमारे ०.७ ओहम जात होते. ८ ओहमच्या स्पीकरला वायरीचा रेझिस्टन्स ५ टक्क्यांच्या, म्हणजे ०.४ ओहमच्या आत असावा असा सर्वसाधारण नियम आहे. अडीच स्क्वेअरमध्ये तो ०.१४ वर आला. डाव्या-उजव्यातला फरक आधी अर्ध्या डेसिबलच्या आसपास होता, आता एक दशांश.

तरी बाबांची तक्रार राहिलीच: "उजवीकडून कमी येतं गं." त्यांची आरामखुर्ची डाव्या स्पीकरला चिकटून! बालगंधर्वांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. ते मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमध्ये एकच आवाज, तेव्हा तो दोघांच्या बरोबर मधून यायला हवा. सोफ्याच्या मधोमध बसल्यावर तो तिथूनच आला. बाबा खुर्ची हलवणार नाहीत हे ठरलेलं, मग बॅलन्सचं बटण किंचित उजवीकडे फिरवलं. तेव्हापासून तक्रार बंद.

आता माझा खरा राग. ही अडीच स्क्वेअरची वायर स्पीकरच्या स्प्रिंगवाल्या टर्मिनलात जातच नाही! पीळ घालून घुसवली तर दोन-चार तारा बाहेर राहतात, आणि त्या शेजारच्या टर्मिनलला टेकल्या तर ॲम्प शॉर्ट. केसिंग-पट्टीचं झाकणही तिच्यावर बसेना, सुताराला बोलावून मोठी पट्टी ठोकून घ्यावी लागली, त्याचे पैसे वेगळे. शेवटी टोकांना पिन क्रिंप करून (दाबून बसवून) घेतल्या, तेव्हा कुठे निभावलं. गणपतीत शेजाऱ्यांना मी हीच वायर छातीठोकपणे सुचवली होती. आता विचाराल तर दीड स्क्वेअर घ्या. ९ मीटरला सुमारे ०.२४ ओहम, नियमात आरामात बसते, पट्टीत मावते, पैसेही कमी. ४ ओहमचे स्पीकर असतील किंवा अंतर फार लांब असेल, तरच अडीचच्या वाटेला जा.

घेताना एक टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरट निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या जवळपास दीडपट, म्हणजे दीडच्या पैशांत एक स्क्वेअर पदरात. दुकानदार कुरकुरतो. कुरकुरू दे.