शैक्षणिक कर्ज : हप्ते सुरू होऊन अकरा महिने झाल्यावरचा हिशेब

कर्ज सरकारी बँकेचं, इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेखालचं. रक्कम ६ लाख, चार वर्षांच्या इंजिनीअरिंगसाठी दरवर्षी दीड लाख अशी उचललेली. तारण नाही, पालक सह-कर्जदार, परतफेड १५ वर्षांची. व्याजदर बदलता असतो, पण आकडेमोड पटकन पडताळता यावी म्हणून खाली सगळीकडे १० टक्के धरला आहे.

मत आधीच सांगून टाकू. व्याजदर अर्धा टक्का कमी मिळावा म्हणून लोक चार-चार बँकांचे उंबरे झिजवतात. वरच्या कर्जात अर्ध्या टक्क्याने हप्ता कमी होतो तो महिना ३५६ रुपयांनी. आणि शिकत असताना व्याजाकडे ढुंकून पाहिलं नाही, तर हप्ता वाढतो २,२५६ रुपयांनी. पहिल्या गोष्टीवर महिनाभर चर्चा होते, दुसरीवर कुणी बोलत नाही.

मोरॅटोरियमची पाच वर्षं

अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढा काळ हप्ता नसतो, तोच मोरॅटोरियम. व्याज मात्र पहिल्या उचलीच्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या वर्षी दीड लाखावर महिना १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५०, चौथ्या आणि पाचव्या वर्षी ५,०००. बेरीज २ लाख १० हजार. हप्ते सुरू होतात त्या दिवशी ही रक्कम मुद्दलात मिळवली जाते आणि ६ लाखांचं कर्ज ८ लाख १० हजारांचं होतं. १५ वर्षांसाठी हप्ता बसतो ८,७०४ रुपये. सगळं व्याज वेळच्या वेळी भरलेलं असतं, तर तो ६,४४८ बसला असता. फरकाला १८० हप्त्यांनी गुणा : ४ लाख ६ हजार. म्हणजे न भरलेले २ लाख १० हजार फेडायला जवळपास दुप्पट पैसे जातात.

पूर्ण व्याज झेपत नसेल तर अर्धं भरा, तेही नाही तर पाचशे रुपये भरा. या काळात सरळ व्याज लागतं, त्यामुळे भरलेला प्रत्येक रुपया पुढे मुद्दलात जाणारी रक्कम तेवढ्याच रुपयाने कमी करतो. शिकत असताना संपूर्ण व्याज भरणाऱ्याला अनेक बँका दरात १ टक्क्यापर्यंत सवलत देतात. मंजुरीपत्रात ते वाक्य आहे का, हे सहीपूर्वीच शोधावं. एक महिना चुकला तर सवलत जाते की नाही, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

सरळ व्याज खरोखर सरळ लागतंय का, हे घरबसल्या तपासता येतं. दीड लाखावर ३१ दिवसांच्या महिन्याला १,२७४ रुपये, ३० दिवसांच्या महिन्याला १,२३३ आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीला १,१५१ रुपये व्याज पडलं पाहिजे. दर बदललेला नाही, नवी उचल नाही, तरी मार्चपेक्षा मेचा आकडा आणि मेपेक्षा जुलैचा आकडा मोठा दिसू लागला, तर व्याजावर व्याज चढतंय. खात्याचा उतारा जोडून शाखेला लेखी कळवायचं. तोंडी सांगून हे दुरुस्त होत नाही.

अर्ज

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून होतो. पोर्टल २०१५ पासून आहे, केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेचं पोर्टल वेगळं आहे, आणि दोन्हींची सरमिसळ फार होते. पोर्टलवर अर्ज भरला म्हणजे काम झालं असं मुळीच नाही. कागदांचा मूळ संच घेऊन शाखेत जावंच लागतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचं स्कोअरकार्ड, कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंडचं अलॉटमेंट लेटर, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, दोघांचे पॅन आणि आधार, पालकाचा फॉर्म १६ किंवा आयकर विवरण. सर्वांत जास्त अडतं ते कॉलेजच्या लेटरहेडवरच्या खर्चाच्या तपशिलावर. तो चारही वर्षांचा, वर्षवार हवा. नुसती पहिल्या वर्षाची पावती दिली की मंजुरी पहिल्या वर्षापुरती होते, आणि दुसऱ्या वर्षी सगळं पुन्हा मागावं लागतं.

या तपशिलात वसतिगृह, मेस, परीक्षा फी, पुस्तकं, लॅपटॉप सगळं लिहून घ्या. परत मिळणारी अनामत एकूण शिक्षण फीच्या १० टक्क्यांपर्यंत बसते. सुरुवातीला न दाखवलेला खर्च नंतर घुसवणं जिकिरीचं.

४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा वाटाही नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणाला ५ टक्के, परदेशातल्या शिक्षणाला १५ टक्के वाटा आपला. शिष्यवृत्ती त्यात धरता येते, आणि तो एकदम न भरता दरवर्षी त्या-त्या उचलीच्या प्रमाणात भरायचा असतो. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी निधीचं संरक्षण असतं, त्यामुळे तिथवर घराचे कागद मागितले तर का, हे लेखी विचारावं. 'तुम्ही आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही' हे नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेने ते स्पष्ट केलेलं आहे. नकार द्यायचा तर शाखेला वरिष्ठांची संमती घ्यावी लागते आणि कारण कळवावं लागतं. म्हणून अर्जाची पोच हवीच. पोच नसली की शाखेच्या दृष्टीने अर्ज आलेलाच नसतो.

मंजुरीपत्रात विमा आहे का, तेवढं बघा. एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवला असेल, तर त्यावरही पाच वर्षं व्याज चढतं. विमा घेणं शहाणपणाचं असेलही, पण तो हीच पॉलिसी आणि कर्जातूनच घ्यायचा, असा नियम नाही.

सवलती : इथे सर्वांत जास्त घोळ

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर मोरॅटोरियममधलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण संस्था त्या योजनेच्या यादीत हवी. सुरुवातीच्या यादीत ८६० संस्था होत्या. आपलं कॉलेज त्यात आहे की नाही, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारू नका, पोर्टलवर बघा.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी खरी मेख पुढे आहे. इतर कुठल्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ मिळत असेल, तर ही ३ टक्के सवलत मिळत नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांची निम्मी शिक्षण फी राज्य भरतं. मग घ्यायचं काय? आपल्या उदाहरणात मोरॅटोरियमच्या व्याजात ३ टक्क्यांची किंमत होते ६३ हजार. शिक्षण फी वर्षाला १ लाख असेल, तर निम्मी फी चार वर्षांत २ लाख होते, आणि तेवढं कर्जच काढावं लागत नाही. डोळे झाकून फी सवलत. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांत, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नावर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्याला हे लागू नाही. तेव्हा आधी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज आणि मग उरलेल्या खर्चाचं कर्ज, असाच क्रम ठेवावा. उलट केलं की गरजेपेक्षा मोठं कर्ज मंजूर होतं, आणि मंजूर झालं की उचललंही जातं.

इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे : देशातल्या शिक्षणाला १० लाखांपर्यंतच्या, परदेशातल्या शिक्षणाला २० लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज परत मिळतं. गोव्यात गोवा शिक्षण विकास महामंडळ थेट बिनव्याजी कर्ज देतं, त्यामुळे गोवेकरांनी बँकेच्या आधी तिथे जावं.

उचल

पैसे बँकेकडून थेट कॉलेजच्या खात्यात जातात. दरवर्षी मागणीपत्र, मागच्या वर्षाची पावती आणि गुणपत्रिका द्यावी लागते. निकाल लांबला की उचल लांबते आणि कॉलेज विलंब शुल्क लावतं. निकाल यायच्या आधी बोनाफाइड आणि मागणीपत्र काढून ठेवलं, तर पंधरा दिवस वाचतात. एटीकेटीला बहुतेक शाखा अडवत नाहीत, पण वर्ष वाया गेलं तर ताबडतोब कळवावं लागतं. कारण मोरॅटोरियम संपण्याची तारीख मंजुरीच्या वेळीच संगणकात भरलेली असते. तुम्ही तिसऱ्या वर्षात अडकलात हे त्या संगणकाला ठाऊक नसतं. ठरल्या तारखेला तो हप्ता मागतो आणि न मिळाल्यास थकबाकी दाखवतो. हाताबाहेरच्या कारणाने अभ्यासक्रम लांबला, तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढीची तरतूद आहे. अर्ज मात्र आपणच करायचा.

हप्ते

पहिल्या ८,७०४ रुपयांच्या हप्त्यातले ६,७५० व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं १,९५४ रुपये. हे पाहून पोटात गोळा येतो खरा, पण त्यात बँकेची लबाडी नाही, लांब मुदतीचं गणितच तसं आहे. तीच रक्कम १० वर्षांत फेडायची ठरवली तर हप्ता १०,७०४, म्हणजे बरोबर दोन हजार जास्त, आणि एकूण २ लाख ८२ हजार कमी जातात. पगार बेताचा असेल तर आमचं मत असं : कागदावर १५ वर्षंच ठेवा आणि जमेल तसे जादा पैसे भरा. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या अशा कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकांना लावता येत नाही. पहिल्या वर्षाअखेर ५० हजार जादा भरले, तर शेवटचे २१ हप्ते गळतात, म्हणजे सुमारे १ लाख ८३ हजार रुपये. फक्त भरताना 'मुदत कमी करा, हप्ता तोच ठेवा' असं लेखी सांगा. तसं सांगितलं नाही, तर ती रक्कम कधी आगाऊ हप्ते म्हणून पडून राहते आणि पुढचे दोन-चार महिने खात्यातून हप्ताच कापला जात नाही. फायदा शून्य.

रेपो दर २०२५ मध्ये ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. बँकेचं कर्ज रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाशी जोडलेलं असेल, तर किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलायला हवा. उताऱ्यात तो उतरलाय का, हे पाहा. जुनं कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत दरावर, अडकलेलं असेल, तर बदलून मागता येतं.

हप्त्याची तारीख पगारानंतर किमान तीन दिवसांनी ठेवा. नॅचचा, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा, हप्ता परत गेला की दोन्हीकडे भुर्दंड बसतो : पगार खात्याची बँक वेगळे पैसे कापते आणि कर्ज देणारी वेगळे. नव्या नियमानुसार दंड हा शुल्क म्हणून लागतो, तो व्याजदरात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक. त्याच्या किती तरी आधी उशिराचे दिवस सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, दिसू लागतात, आणि तेही दोघांच्या : विद्यार्थ्याच्या आणि पालकाच्या. धाकट्या भावंडाचं कर्ज किंवा वडिलांचं घरदुरुस्तीचं कर्ज याच कारणाने अडतं.

नोकरी लागली नाही तर? पहिला हप्ता चुकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या. आदर्श योजनेत बेकारीच्या काळासाठी मोरॅटोरियम वाढवण्याची सोय आहे, आणि सुरुवातीला लहान व पुढे मोठे अशा चढत्या हप्त्यांचीही. तीन हप्ते थकल्यावर तोच अर्ज दिला तर तो मागणाऱ्याचा राहत नाही, थकबाकीदाराचा होतो. 'सेटलमेंट' करून घ्या, म्हणजे थोडी कमी रक्कम भरून कर्ज मिटवा, असं वसुलीवाला सुचवेल. सिबिलमध्ये 'सेटल्ड' हा शेरा पुढे वर्षानुवर्षं नडतो.

आयकरात कलम ८०ई खाली भरलेल्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते, मुद्दलाची नाही, आणि फक्त जुन्या करप्रणालीत. ती आठ वर्षं मिळते, व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून. इथे वरच्या सल्ल्याला एक पुस्ती जोडायला हवी : शिकत असताना व्याज भरलं की घड्याळ तेव्हाच सुरू होतं. करपात्र पगार असलेल्या पालकाच्या नावावर कर्ज असेल आणि तेच व्याज भरत असतील, तर उत्तमच. तसं नसेल तर काही वर्षं बिनकामाची जातात, तरीही व्याज भरणंच स्वस्त पडतं. नातेवाइकाकडून किंवा परदेशी सावकाराकडून घेतलेल्या कर्जाला ही वजावट नाही. परदेशी जाणाऱ्यांना एक दिलासा : १ एप्रिल २०२५ पासून अशा मान्य संस्थेच्या कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जात नाही.

शाखा उत्तर देत नसेल, तर आधी बँकेच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. उतारे, पोच आणि तारखा जोडलेल्या असतील तरच तिला वजन येतं. कर्ज पूर्ण फिटल्यावर ना-देय प्रमाणपत्र घ्या आणि नॅच रद्द करा. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत; बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. दीड महिन्याने सिबिलचा अहवाल काढून दोघांच्याही नावापुढे खातं 'बंद' दिसतंय का, ते बघा.