डॅशबोर्डचा कप्पा अडकला: घरी उघडावा, गॅरेजला न्यावा की शोरूमला?

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे सरकला की गाडीतल्या प्लॅस्टिकच्या कुरबुरी सुरू होतात. त्यातली सगळ्यात वैतागवाणी म्हणजे डाव्या सीटसमोरचा कप्पा, म्हणजे ग्लोव्ह बॉक्स, बंद होऊन बसणं. हँडल ओढलं तर नुसतंच लुळं हलतं, नाहीतर जागचं हलतच नाही. आत आरसी, विम्याचा कागद, सातबारा, खताच्या पावत्या आणि कुणाचं तरी विसरलेलं चार्जर. मग घरातलं कुणीतरी पेचकस घेऊन पुढे येतं. त्याला आधी थांबवा.

कागदांसाठी घाई करायचं कारण नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि लायसन्स २०१८ पासून मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जातात. हायवेवर कुणी अडवलं तर मोबाईल दाखवा. कप्पा दोन दिवस बंद राहिला तर आभाळ कोसळत नाही. झाकणाचा कोपरा तुटला तर मात्र तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कप्पा उघडणं आणि कप्पा दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच ठिकाणी करून घेण्याच्या नादात खर्च वाढतो. उघडायला एक माणूस बरा, पार्ट घ्यायला दुसरं दुकान बरं, आणि कधी कधी पार्टची गरजच नसते.

आधी बघा, अडकलंय कुठे

हँडल नेहमीसारखं घट्ट लागतंय, स्प्रिंगचा जोर जाणवतोय, पण झाकण सुटत नाही? मग बहुतेक वेळा आतलं सामान झाकणावर रेटतंय. पाण्याची बाटली आडवी झाली किंवा फाईल वर सरकली की लॅचची, म्हणजे झाकण धरून ठेवणाऱ्या खटक्याची, जीभ खाचेत दाबली जाते आणि मागे येत नाही. हा सगळ्यात सोपा आजार.

हँडल लुळं पडलं असेल, ओढल्यावर काहीच जोर लागत नसेल, तर हँडलमागचा प्लॅस्टिकचा दांडा तुटलाय किंवा स्प्रिंग निसटलीय. इथे पार्ट लागणार. एक बाजू सुटते आणि दुसरी अडकून झाकण तिरपं होतं, असं असेल तर तुमच्या गाडीत दोन्ही कडांना लॅच आहेत आणि त्यातलं एकच काम करतंय. आणि हँडलमध्ये किल्लीचं भोक असेल तर कुलूप अर्धवट फिरलंय का हे आधी तपासा. धुवायला किंवा ड्रायव्हरकडे दिलेली गाडी परत आली की हे हमखास घडतं.

उन्हाचाही हात असतो. ४० सेंटिमीटर लांबीचं प्लॅस्टिक ३० अंशांनी तापलं की सुमारे मिलिमीटरभर वाढतं, आणि लॅचचा सगळा खेळ तेवढ्याच फरकावर चालतो. दुपारी तीनला न उघडणारा कप्पा पहाटे गुमान उघडतो, तो यामुळे. म्हणून पहिला प्रयत्न सकाळी करा. कप्प्यात एसीचं गार वारं येणारी सोय असेल तर वीसेक मिनिटं एसी लावून बघायलाही हरकत नाही.

घरच्या घरी

दोन माणसं लागतात. एकाने लॅचच्या जागी तळहाताने झाकण आत दाबायचं, दुसऱ्याने त्याच वेळी हँडल ओढायचं. उलटं वाटतं, पण आत दाबल्याने जिभेवरचा ताण जातो आणि ती सुटते. सामान रेटत असेल तर बहुधा एवढ्यावरच भागतं. झाकणावर मुठीने हलक्या थापा मारल्या की आडवी बाटलीही जागा बदलते. खिडकीतून बघणारा शेजारी म्हणेलच, ‘जोर नको लावू भो, दम धर.’ त्याचं ऐका.

याने नाही झालं तर जुनं प्लॅस्टिकचं कार्ड वरच्या फटीतून घालून जीभ मागे ढकलता येते का बघा. फटीच्या दोन्ही कडांना आधी कागदी चिकटपट्टी लावा. लोखंडी पेचकस घालून उचकटलं की प्लॅस्टिकवर पांढरा वण उठतो, तो कुठल्याही पॉलिशने जात नाही, आणि गाडी विकताना गिऱ्हाईक नेमकं तिथे बोट ठेवतं.

तेलाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण आपल्याकडे कशालाही तेल सोडायची सवय आहे. खान्देशातल्या शेतरस्त्यांची धूळ बारीक असते. खाद्यतेल किंवा इंजिन ऑइल लॅचवर टाकलं की महिन्याभरात त्याची वंगणमाती होते. पेट्रोल आणि थिनर तर प्लॅस्टिकच्या जवळही नको, त्याने तडे जातात. सिलिकॉन स्प्रे चालतो, तोही थोडाच. कुलपाच्या भोकात मात्र कोरडं ग्रॅफाइट. पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासून ती आतबाहेर केली तरी काम होतं.

घरचा मार्ग इथे संपतो. बऱ्याच गाड्यांत कप्प्याचे स्क्रू झाकणाच्या आड असतात, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय ते दिसतच नाहीत. खालच्या बिजागरीच्या पिना काढून कप्पा खाली घेता येणाऱ्या गाड्याही आहेत, पण तुमची त्यातली आहे की नाही हे माहीत नसेल तर हात घालू नका.

चौफुलीवरचं गॅरेज

जळगावच्या अजिंठा चौफुलीला असो की तालुक्याच्या स्टँडमागे, उघडण्यासाठी माझी पहिली पसंती ओळखीच्या गॅरेजवाल्याला. एसीचा फिल्टर अनेक छोट्या गाड्यांत याच कप्प्यामागे असतो. म्हणजे फिल्टर बदलणाऱ्याने हा कप्पा ढिगाने वेळा उतरवलेला असतो आणि कुठली पिन कुठे दबते हे त्याच्या बोटांना माहीत असतं. काम तुमच्यासमोर होतं, गाडी ठेवून यावं लागत नाही.

त्याची कमजोरी दुसरीकडे आहे. तुटलेला दांडा तो फेविक्विकने चिकटवून देईल. प्लॅस्टिकच्या ज्या भागावर रोज ताण येतो तिथला तो जोड पहिल्या कडक उन्हाळ्यात सुटतो. स्क्रू आरपार घालून झाकण कायमचं बसवण्याचा तोडगाही काही जण सुचवतात; तो नाकारा. गॅरेजवाल्याकडून उघडून घ्या, तुटलेला तुकडा हातात घ्या, आणि पार्टसाठी पुढे जा.

नुसत्या कुलपाचाच घोळ असेल तर गॅरेजपेक्षा चावीवाला बरा आणि स्वस्त.

शोरूम

गाडी वॉरंटीत असेल तर वरचं काहीही करू नका, थेट इथे या. लॅच उत्पादनातल्या दोषामुळे निकामी झालं असेल तर बदलून मिळू शकतं; पण झाकणावर पेचकसाचे ओरखडे दिसले की ‘हे तुम्हीच तोडलंय’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

वॉरंटी संपलेल्या गाडीचं गणित वेगळं. शोरूमचा कल अख्खा कप्पा बदलण्याकडे असतो. लॅच आणि पूर्ण कप्पा यांच्या किमतीत अनेक पटींचा फरक पडतो, म्हणून पार्टच्या काउंटरवर चॅसी नंबर देऊन आधी विचारा, ‘नुसतं लॅच किंवा हँडल सुटं मिळतं का?’ काही मॉडेलमध्ये मिळतं, काहींत मिळत नाही, आणि हे काउंटरवरच्या संगणकावर लगेच कळतं. आतल्या प्लॅस्टिकचा रंगही नीट सांगा, काळा, करडा की बदामी. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी तो २८ होता. त्यामुळे जुनं कोटेशन असेल तर नवीन घ्या.

अंतर हाही खर्चच. जळगाव किंवा धुळे शहरात राहणाऱ्याला शोरूम जवळ, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाचा एका लॅचसाठी अख्खा दिवस जातो. त्याने फोनवर पार्ट मागवून ठेवावा, पुढच्या कामाच्या फेरीत उचलावा आणि गावातल्या मेकॅनिककडून बसवून घ्यावा. मला तरी पाच वर्षांपुढच्या गाडीसाठी हाच मार्ग सगळ्यात परवडणारा वाटतो: अस्सल पार्ट, ओळखीचा हात.

विम्याचा विचार करू नका. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीत प्रत्येक क्लेमचे पहिले १००० रुपये तुमचेच, शिवाय झीज पॉलिसीत बसत नाही आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो.

भंगारातला पार्ट

दहा-बारा वर्षांच्या, बंद झालेल्या मॉडेलसाठीच. तिथेही सबंध कप्पा उचलू नका, लॅच आणि बिजागरी तेवढी घ्या. भंगारातली गाडी वर्षानुवर्षं उघड्या उन्हात तापलेली असते. तिचं प्लॅस्टिक वरून ठीक दिसतं आणि बसवताना कटकन मोडतं. आकडीच्या मुळाशी पांढरी रेघ दिसली तर तो तुकडा परत ठेवा. आपला तुटलेला भाग सोबत न्या, कारण एकाच गाडीच्या दोन व्हेरिएंटमध्ये लॅच वेगळं असू शकतं.

चष्म्याचा वरचा कप्पा किंवा हाताखालचा आर्मरेस्ट अडकला असेल तर शोरूमचा विचारही नको. चष्म्याचा कप्पा दाबून-सोडून उघडणाऱ्या लॅचवर चालतो, सकाळी दोन-चारदा दाबला की सुटतो. आर्मरेस्टमध्ये सुटी नाणी अडकतात.

समोरच्या कप्प्याला मात्र एक गोष्ट चिकटलेली आहे. २०२२ पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती बसते या कप्प्याच्या वरच. जुन्या अनेक गाड्यांतही ती आहे. कप्पा नुसता खाली घ्यायचा असेल तर तिला धक्का लागत नाही; पण कुणी वरचा डॅशबोर्ड उचकटायची भाषा केली तर बॅटरीची मायनस तार काढून काही मिनिटं थांबायला सांगा, आणि पिवळ्या वायरींना हात लावू देऊ नका. तो ‘काही होत नाही’ म्हणाला तर गाडी दुसरीकडे न्या. काम झाल्यावर पैसे देण्याआधी किल्ली फिरवा: मीटरवरचा एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो जळत राहिला तर गाडी तिथून हलवायची नाही, आधी कुठला कनेक्टर सुटलाय ते शोधायला लावायचं.