एल्फांच्या भाऊबंदकीचा ग्रंथ

इंग्रजी लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांचे १९७३ साली निधन झाले आणि त्यांच्या हस्तलिखितांतून त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी जुळवून सिद्ध केलेला ‘द सिल्मरिलियन’ हा ग्रंथ १९७७ साली प्रकाशित झाला. एल्फ म्हणजे धनुष्यबाण घेऊन रानात वावरणारे, सगळे एकाच साच्यातले सुंदर लोक, अशा समजुतीने जो वाचक हा ग्रंथ उघडेल, त्याला ती समजूत लवकरच बाजूला ठेवावी लागेल; कारण ही मुख्यतः एका कुळाच्या शाखांमधली भाऊबंदकी आहे.

वालार या देवतुल्य शक्तींच्या बोलावण्यावरून पश्चिमेकडे निघालेल्या एल्फांचे तीन गट होते. वान्यार काव्यात आणि भक्तीत रमणारे, नोल्दोर रत्ने घडवणारे आणि शब्दांचे वेड असलेले, तर तेलेरी समुद्राचे, गाण्याचे आणि जहाजांचे. तेलेरींपैकी जे आपल्या राजासाठी, थिंगोलसाठी, वाटेतच बेलेरियांदमध्ये थांबले ते सिंदार झाले, आणि ज्यांनी निमंत्रणच नाकारले ते अवारी. ही सगळी फाटाफूट दाखवणारा तक्ता ग्रंथाच्या शेवटी दिला आहे. तिथे खूण घालून ठेवावी, कारण फिन्वे, फिंगोल्फिन, फिनार्फिन, फिन्रोद आणि फिंगोन यांच्यात गोंधळ न झालेला वाचक मला तरी अजून भेटलेला नाही.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य कलहाच्या मांडणीत आहे. फेआनोर हा नोल्दोरांचा राजा फिन्वे याचा थोरला मुलगा आणि सिल्मरिल रत्नांचा कर्ता. त्याची आई मीरिएल गेल्यावर फिन्वेने वान्यार कुळातील इंदिसशी दुसरा विवाह केला, आणि सावत्र भावांविषयीची अढी तिथूनच वाढत गेली. पुढे प्रकाश देणारे दोन वृक्ष नष्ट झाल्यावर त्यांना वाचवण्यासाठी सिल्मरिल ही रत्ने फोडू द्यावीत, अशी विनंती त्याला केली जाते, तेव्हा आपल्या हातून असे काम एकदाच होऊ शकते, असे सांगून तो नकार देतो. (रत्ने त्याआधीच चोरीला गेलेली असतात, हे त्याला ठाऊक नसते.) थोड्याच अवधीत, रत्नांच्या चोरामागे समुद्रापार बेलेरियांदकडे जाण्यासाठी, तो पश्चिमेला पोचलेल्या तेलेरींच्या राजाकडे, थिंगोलचा भाऊ ओल्वे याच्याकडे, जहाजे मागतो, आणि ओल्वेही जवळजवळ तेच उत्तर देतो: नोल्दोरांना जशी रत्ने, तशी आम्हाला ही जहाजे, पुन्हा घडणार नाहीत अशी. स्वतःचाच युक्तिवाद फेआनोरला दुसऱ्याच्या तोंडून ओळखू येत नाही, आणि आल्क्वालोंदेच्या बंदरात एल्फांच्या हातून एल्फांचे रक्त सांडते. लेखक हे साम्य बोट ठेवून दाखवत नाही, हे मला विशेष आवडले.

त्याहूनही खोल परिणाम भाषेवर होतो. बेलेरियांदमध्ये आलेले नोल्दोर ही हत्या बराच काळ लपवतात. फिनार्फिनच्या मुलांची आई तर ओल्वेचीच मुलगी असल्यामुळे थिंगोलच्या दरबारात त्यांना आप्त म्हणून मान मिळत असतो, आणि तरीही ती गप्प राहतात. सत्य कळल्यावर थिंगोल युद्ध पुकारत नाही, तर मारेकऱ्यांची भाषा, म्हणजे क्वेन्या, आपल्या राज्यात कोणी उच्चारू नये, असा आदेश काढतो. परिणामी निर्वासित नोल्दोर रोजच्या व्यवहारात सिंदारिन बोलू लागतात आणि ज्यांना आपल्या वाणीचा सर्वाधिक अभिमान होता, त्यांची भाषा सरदारांच्या आपसातील बोलण्यापुरती आणि विद्येपुरती उरते. क्वेन्याला फिनिशचा आणि सिंदारिनला वेल्शचा आधार देणाऱ्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकालाच अशी शिक्षा सुचू शकते.

उणिवाही आहेत. वान्यार जवळपास अदृश्यच राहतात, अवारींना तर आवाजच नाही, आणि सारी कथा नोल्दोरांच्या बाजूला झुकलेली आहे. निवेदन बखरीसारखे असल्याने संवाद कमी आणि वंशावळी अधिक आहेत. कादंबरीची ओढ अपेक्षिणाऱ्याचा हिरमोड होईल. ज्यांना केवळ एल्फांचा हा कलह वाचायचा आहे, त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीची सुरुवातीची प्रकरणे तूर्त बाजूला ठेवून एल्फांच्या जागृतीपासून आरंभ करावा, आणि शेवटची नामसूची असलेलीच प्रत घ्यावी.