मेळघाटात हँडसेट: डीएमआर घ्यावा की सी४एफएम?

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात आहे, असं धरूनच बोलतो. डीएमआर आणि सी४एफएम या वॉकीटॉकीसारख्या सेटवरून आवाज डिजिटल करून पाठवायच्या दोन पद्धती.

डीएमआरचा सेट स्वस्तात मिळतो, पण मांडणीला चिकाटी लागते. लॅपटॉपवर कोडप्लग (सेटच्या सगळ्या सेटिंगची फाइल) बनवायचा: तुमचा ७ आकडी आयडी, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, ० ते १५ पैकी कलर कोड (दोन्ही सेटवर सारखा लागणारा आकडा), टाइम स्लॉट (एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या आळीपाळीच्या दोन जागांपैकी एक), टॉकग्रुप (बोलणाऱ्यांचा गट). दोन सेटचे कलर कोड जुळले नाहीत तर सिग्नल दिसतो, आवाज येत नाही. माझी अख्खी संध्याकाळ यातच गेली होती. आणि बांधावर उभं राहून बदल करायचा म्हटलं, तर बऱ्याच सेटना परत लॅपटॉपच लागतो.

याएसू कंपनीचा सी४एफएम सोपा. कॉलसाइन (परवान्यावरची तुमची ओळखखूण) भरा, फ्रिक्वेन्सी लावा, बोला. समोरचा अ‍ॅनालॉग आहे की डिजिटल, हे त्यातली एएमएस नावाची सोय स्वतःच ओळखते. पैसे मात्र जास्त.

हे दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून परतवाडा-अमरावतीच्या सोबत्यांकडे काय आहे ते आधी विचारा. त्यांच्याकडे डीएमआर असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर गावासाठी मी सी४एफएमच घेईन.

टेकडीआड दोन्ही सारखेच: अ‍ॅनालॉग खरखरत का होईना कळतं, डिजिटल एकदम तुटतं. एक चॅनल साध्या, म्हणजे अ‍ॅनालॉग, एफएमचा ठेवाच.